फुलाचं चिन्ह

१

त्या दिवशी मी पिंप भरत होते. दुसऱ्या दिवशी पाणी बंद राहणार होतं. सोनिवलीत एक दिवस पाणी बंद म्हणजे पुढचे दोन दिवस नळाला करंगळीएवढी धार, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना पाठ आहे, म्हणून हाताला लागेल ते भांडं भरून ठेवायचं. गणपतीची सुट्टी होती, त्यामुळे अंबरनाथची माझी शाळा बंद होती. सासूबाई हॉलमध्ये लसूण सोलत बसल्या होत्या आणि महेंद्र अजून कसा आला नाही, हे मला न विचारता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पुटपुटत होत्या.

महेंद्र, माझा नवरा, पहाटेच मोटरसायकल घेऊन बारवी धरणाकडे गेला होता. कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून पक्ष्यांचे फोटो काढणं हीच त्याची ड्युटी झाली होती. येताना दही आण, एवढंच मी त्याला दारातून सांगितलं होतं.

फोन त्याच्याच नंबरवरून आला. मी म्हटलं, "दही मिळालं का?"

पलीकडचा माणूस जरा थांबला. मग म्हणाला, "ताई, पोलीस ठाण्यातून बोलतोय. ह्या फोनमध्ये हा नंबर 'घर' नावाने आहे. तुमच्याजवळ कोणी मोठं माणूस आहे का?"

मी पन्नाशीची बाई. मी म्हटलं, मीच आहे. बोला.

पिंप भरून वाहू लागलं होतं. पाणी पॅसेजमधून सासूबाईंच्या पायांपर्यंत गेलं, तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मोटरसायकल, पिशवी, फोन, बूट आणि कॅमेरा जलाशयाच्या काठावर सापडले. बूट शेजारी-शेजारी ठेवलेले होते. चिखलात उतरायच्या आधी तो ते तसेच ठेवायचा. कॅमेरा पट्ट्याने झाडाच्या फांदीला अडकवलेला होता. लेन्सचं झाकण तेवढं नव्हतं. ते तो नेहमी शर्टाच्या खिशात टाकायचा. महेंद्र सापडला नाही. गावातले पट्टीचे पोहणारे उतरले, बोट फिरली. पाऊस थांबत नव्हता आणि पाणी गढूळ होतं. पुढे शोध थांबवला गेला.

आमच्या नळाला बारवीचंच पाणी येतं. शेजारच्या शलाकाने त्या आठवड्यापासून पाण्याचे जार विकत आणायला सुरुवात केली.

२

देह नसताना गेलेल्यासाठीचं पुण्यानुमोदन करायचं का, यावर नातेवाइकांत बरीच चर्चा झाली. किती दिवस थांबणार, असं सगळ्यांचं म्हणणं. मी थकले होते, मी हो म्हटलं. मग लक्षात आलं, समोर ठेवायला घरात महेंद्रचा फोटोच नाही. जो माणूस कायम कॅमेऱ्यामागे, त्याचा फोटो कोण काढणार? शेवटी धाकटे दीर अभिजीत यांनी त्यांच्या लग्नातला एक घोळक्याचा फोटो शोधून काढला, आणि आम्ही दोघं तो घेऊन उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या एका स्टुडिओत गेलो.

दुकान अरुंद होतं. भिंतीवर वेगवेगळ्या माणसांच्या तसबिरी टांगलेल्या, आणि त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या अंगात एकच कोट. मालक किशनचंद नावाचे सिंधी गृहस्थ होते. त्यांनी महेंद्रचा चेहरा संगणकावर कापून वेगळा केला आणि मला विचारलं, "भाभी, बॉडी कौनसी लगाऊ? सफारी आहे, ब्लेझर आहे. ब्लेझरच घ्या, सगळे तोच घेतात. आता हाच फोटो कायमचा राहणार ना."

मी म्हटलं, त्याने जन्मात कोट घातला नाही.

"मूळ शर्ट नाही चालणार. बघा ना, अर्धा माणूस दुसऱ्याच्या मागे आहे."

ते खरं होतं. अभिजीत म्हणाले, "वहिनी, लग्नात मी पाया पडून सांगितलं तरी दादाने कोट घातला नव्हता. तुम्ही घालून दाखवलात." आणि हसता हसता दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

काळा ब्लेझर, लाल टाय, वरच्या खिशात पांढऱ्या रुमालाचं टोक. लग्नाच्या फोटोत महेंद्रने कोणाच्या तरी हाकेला मान वळवलेली होती. कोट मात्र सरळ समोर बघत होता. त्यामुळे मान कोटावर नीट बसलेली नव्हती. आणखी एक गोष्ट घरी आल्यावर दिसली. त्या घोळक्यात अभिजीतनी भावाच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला होता. किशनचंदनी हात पुसला, पण बोटं राहिली. काळ्या कोटाच्या खांद्यावर तीन बोटांची पेरं, मागे कोणीच नाही.

आता बदलायला वेळ नव्हता. भंतेजी आले, वंदना झाली. पेल्यात पाणी ओतत ओतत तो भरून वाहू दिला, आम्ही सगळ्यांनी त्या धारेला हात लावला. पाणी आमच्याच नळाचं होतं. नंतर कोणीतरी चंदनाचा हार पुढे केला, तेव्हा सासूबाई बोलल्या.

"सापडला नाही अजून तो. उद्या आला म्हणजे काय सांगायचं त्याला?"

हार मी घातला.

३

कॅमेरा पोलिसांकडून दिवाळीच्या सुट्टीत परत मिळाला. आतलं कार्ड त्यांनी ठेवून घेतलं होतं. अभिजीतनी नवं घातलं आणि बॅटरी चार्ज करून दिली.

मी कधी तो हातात घेतला नव्हता. वजनदार होता. पण महेंद्रने नवा असताना त्याची पुस्तिका स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला मोठ्याने वाचून दाखवली होती, आणि भाकऱ्या थापताना ऐकलेलं बरंच काही मला आठवत होतं. शटरच्या बटणाभोवती एक खटका असतो. तो उजवीकडे सरकवला की लेन्स बाहेर येते आणि लांबचं जवळ दिसतं. डावीकडे सरकवला की लेन्स आत जाते आणि सगळं पसरट दिसतं. किती झूम झालंय ते पडद्यावरच्या पट्टीत कळतं. पट्टीच्या एका टोकाला डब्ल्यू म्हणजे पसरट, दुसऱ्याला टी म्हणजे जवळचं, आणि मध्ये सरकणारा पांढरा ठिपका. शटर अर्धं दाबायचं, थांबायचं, चौकट हिरवी झाली की पूर्ण दाबायचं.

लेन्सच्या कडेला एक वेगळंच बटण आहे. खूप झूम केलं की हात जरा हलला तरी पक्षी चौकटीतून निसटतो आणि पुन्हा सापडत नाही. तेव्हा ते बटण दाबून धरायचं. लेन्स आपोआप मागे येते, आजूबाजूचा मुलूख दिसतो, आणि आपण कुठे बघत होतो तिथे एक लहान चौकट उमटते. पक्षी तिच्यात आणायचा आणि बटण सोडायचं. लेन्स परत तेवढीच जवळ जाते. महेंद्र त्याला 'हरवलेल्याचं बटण' म्हणायचा.

पाठीमागच्या गोल चकतीवर खालच्या अंगाला फुलाचं चिन्ह आहे. "हिरवी चौकट म्हणजे पकडलं," तो म्हणाला होता. "लाल लुकलुकली तर समजायचं, वस्तू नको तितकी जवळ आहे. मग हे फूल दाबायचं. लेन्सला नाक लावून बसलेली मुंगीसुद्धा दिसते."

शाळेतून आल्यावर दुपारी मी बाल्कनीत बसू लागले. आमच्या समोर ओढ्यावरचा पूल आहे, मग नवी बांधकामं, त्यांच्यापुढे भातखाचरं आणि डोंगराच्या कडेने बारवीकडे जाणारा रस्ता. पहिले काही दिवस नुसत्या विजेच्या तारा आल्या. मग एकदा तारेवरचा कोतवाल शेपटीच्या दुभंगासकट स्वच्छ आला, आणि मी तो सासूबाईंना नेऊन दाखवला. त्या म्हणाल्या, "त्याला दाखव," आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

४

एका दुपारी कोतवाल उडाला आणि मी तो हरवला. बटण दाबून धरलं. लेन्स मागे आली, खाचरं दिसली, चौकट उमटली. चौकट तारेवर असायला हवी होती. ती पार वर, डोंगराच्या पायथ्याशी होती. माझाच हात हलला असेल, असं म्हणून मी बटण सोडलं.

लेन्स आवाज करत पुढे गेली. पट्टीतला ठिपका टीच्या टोकाला टेकला. पडद्यावर एका बांधावर काहीतरी काळं उभं होतं, बोटाच्या पेराएवढं. डोकं, दोन बाजू आणि मधोमध लाल रेघ.

बुजगावणं, मला वाटलं. मी शटर अर्धं दाबलं. हिरवी चौकट त्याच्यावर लगेच बसली.

रविवारी अभिजीत आले तेव्हा त्यांना दाखवलं. पहिल्याच प्रयत्नात सापडलं. ते डोळे बारीक करून बघत म्हणाले, "बुजगावणंच आहे हो वहिनी. टाय लावून आलंय, इंटरव्ह्यू असेल." मग त्यांनी समजावून सांगितलं की कॅम्प दोनच्या बाजारात जुने कोट ढिगाने मिळतात, शेतकरी आणतात आणि काठीला अडकवतात. मला ते पटलं. खरं तर मला पटवून घ्यायचंच होतं, आणि ते काम त्यांनी केलं.

कॅमेरा ठेवताना त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली आणि तिथेच राहिली. चहा न घेता गेले.

५

त्यानंतर मी रोज आधी बुजगावणं शोधायचे, मग पक्षी. ते रोज सापडायचं आणि रोज तेवढंच दिसायचं, बोटाच्या पेराएवढं. त्यात काही वावगं आहे हे लक्षात यायला मला बरेच दिवस लागले, कारण मी बुजगावण्याकडे बघत होते, पट्टीकडे बघत नव्हते.

ठिपका टीच्या टोकाला नव्हता. तो पट्टीच्या मधोमध होता.

मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि विचार केला. इतकं कमी झूम करूनही ती आकृती तेवढीच दिसत असेल, तर एक तर ती मोठी झाली होती किंवा जवळ आली होती. किंवा हे दुसरंच बुजगावणं होतं, अलीकडच्या शेतातलं. तिसरी गोष्ट सगळ्यांत शहाणपणाची होती. मी तिला धरून राहिले.

सुट्टीच्या सकाळी कॅमेरा गळ्यात घालून मी त्या बांधावर चालत गेले. भात कापून झालेलं होतं. नुसती धसकटं, आणि ओलावा होता तिथे वाल पेरायची तयारी. गंगू नावाची एक म्हातारी पेंढा बांधत होती. तिला विचारलं, इथे बुजगावणं होतं ते काढलंत का?

ती हसली. "कापल्या शेतान बुजगावना कोनाला भिववाचा, बाय? उंदराला?"

मी शाळेत शिकवते. हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता.

तिथूनच मी कॅमेरा आमच्या घराकडे वळवला. बाल्कनी सापडली, वाळत घातलेले कपडे दिसले, उघड्या दारातून हॉल दिसला. सासूबाई खुर्चीत बसून भिंतीशी बोलत होत्या. फोटोची चौकट दिसली, हार दिसला. काचेवर ऊन होतं; आत काही दिसत नव्हतं.

६

पुढच्या आठवड्यात ते अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या पायाशी होतं. मग ओढ्याच्या पुलावर. ठिपका डब्ल्यूकडे सरकत गेला. चालताना ते कधी दिसलं नाही. मी बघेन तेव्हा उभं असायचं. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर पुलावरून रिक्षा जायच्या, मुलं सायकली चालवायची, आणि ती ज्या जागेवरून जायची तिथेच पडद्यावर तो उभा असायचा.

'तो' मी केव्हापासून म्हणू लागले, ते सांगता येणार नाही.

पुलावरचा फोटो मी नंतर मोठा करून पाहिला. काळा ब्लेझर. लाल टाय. मान उजवीकडे वळलेली, कोट सरळ. चेहरा लहान आणि ठिपक्याठिपक्यांचा. तिथे महेंद्रला पाहायचं ठरवलं तर महेंद्र दिसत होता. उजव्या खांद्यावर तीन बोटं होती, मागे कोणी नव्हतं.

एवढंच असतं तर मी कॅमेरा कपाटात टाकला असता. स्टुडिओत तयार झालेलं काहीतरी आमच्याकडे येतंय, असं मानून दारं लावली असती. पण कोटाच्या वरच्या खिशात पांढरा रुमाल नव्हता. खिसा फुगलेला होता, आत काहीतरी गोल आणि चपटं होतं. लेन्सच्या झाकणाएवढं.

ती गोष्ट किशनचंदना ठाऊक नव्हती. ती फक्त महेंद्रला ठाऊक होती, आणि मला.

मी अभिजीतना बोलावलं. तोवर तो आमच्या इमारतीच्या फाटकाशी आला होता आणि ठिपका डब्ल्यूला टेकला होता. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मग तो हळूच टेबलावर ठेवला आणि उजव्या हाताची बोटं पॅंटला पुसली. पुन्हा पुसली.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"काही नाही." मग म्हणाले, "वहिनी, तो फोटो उतरवा. माझं ऐका. मी चांगला करून आणतो दुसरा. शर्टातला."

ते खुर्चीवर चढायला लागले, तशा सासूबाई उठल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्या अशा एकदम उठत नाहीत.

"हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "वाटेत आहे तो. आता फोटो काढलास तर कुठे जाईल?"

"आई, तो दादा नाहीये."

"तुझाच हात आहे त्याच्या खांद्यावर. तूच आणतोयस त्याला." त्या परत बसल्या आणि साडीचा पदर नीट केला. "कोटात तर कोटात. येऊ दे."

अभिजीत त्यानंतर आलेले नाहीत. फोनवर म्हणतात, कामाची गडबड आहे. एकदा बोलता बोलता म्हणाले, उजव्या हाताला मुंग्या येतात, डॉक्टरांना दाखवतो.

फोटो भिंतीवरच आहे. उतरवला तर तो स्वतःच्या शर्टात येईल, की यायचाच थांबेल, हे मला ठरवता आलं नाही.

७

फाटकानंतर कॅमेऱ्याला आणखी मागे जाता येत नव्हतं. लेन्स जेवढी आत जाते तेवढी गेली होती. म्हणून आता तो मोठा होऊ लागला. एके दिवशी फाटकाच्या आत, एके दिवशी पार्किंगमध्ये बाल्कनीच्या बरोबर खाली. मग दोन दिवस कुठेच नाही. मी सगळीकडे शोधलं. हरवलेल्याचं बटण दाबून पाहिलं. लेन्स आधीच पूर्ण मागे असल्याने ते काही करत नव्हतं. त्या दोन दिवसांत मला भूक लागली नाही. भीतीने नाही. तो परत गेला की काय, असं वाटून.

आज शाळेतून आले. सासूबाईंनी दारातल्या रॅकचा खालचा कप्पा रिकामा करून पुसून ठेवला होता. पोलिसांनी दिलेले बूट तिथे ठेवले होते, शेजारी-शेजारी. बाल्कनीत जाऊन कॅमेरा सुरू केला.

पडदा काळा होता. मला वाटलं, लेन्सवर झाकण आहे. मग आठवलं, झाकण नाहीच. काळ्यात हळूहळू विणकाम दिसू लागलं, कापडाचं, अस्पष्ट. एका कडेला तांबडा डाग. जरा बाजूला एक गोल उंचवटा.

मी पडद्यावरून नजर वर केली. समोर कठडा होता, कोरफडीची कुंडी होती, दोरीवर माझा गाऊन आणि सासूबाईंची साडी होती. खाली कोणीतरी गाडी धूत होतं, त्याच्या मोबाइलवर गाणं चालू होतं. ऊन होतं. माझ्या आणि कठड्याच्या मध्ये हातभर जागा होती आणि त्या जागेत काही नव्हतं.

मी कॅमेरा जरा वर केला. पडद्यावर काळं सरलं आणि फिकट काहीतरी आलं, लांबट, वरून रुंद. चेहरा असावा. शटर अर्धं दाबलं. चौकट त्याच्यावर जाऊन बसली, लाल झाली आणि लुकलुकू लागली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच चेहरा मोठा समोर होता. नाकाच्या डाव्या बाजूला महेंद्रला कांजिण्यांचा एक खड्डा होता. स्टुडिओतल्या फोटोत तो गुळगुळीत करून टाकलेला आहे. तो खड्डा दिसला, तर मी आत जाऊन हार काढणार आणि दार उघडं ठेवणार. नाही दिसला, तर जे हातभर अंतरावर उभं आहे ते महेंद्र नाही, त्याला मीच हार घालून बोलावलंय, आणि महेंद्र अजून पाण्यातच आहे.

पडद्यावरचं फिकट किंचित कललं. कोणी हाक मारली की मान वळवावी तसं.

आतून सासूबाईंनी विचारलं, "आला का गं?"

"बघते," मी म्हटलं.

अंगठा चकतीच्या खालच्या अंगाला आहे. फुलाचं बटण मी अजून दाबलेलं नाही.